रुग्णवाहिका कुठे उभी असते?

कर्नाटकात १०८ क्रमांकाची ‘आरोग्य कवच’ सेवा नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून गाडी उशिरा आली की चालकाला (या सेवेत त्याला ‘पायलट’ म्हणतात) किंवा रहदारीला दोष देण्याची रीत म्हैसूरमध्येही आहे. पण उशीर पुष्कळदा फोन वाजण्याआधीच ठरलेला असतो.

‘रुग्णवाहिकेची जागा रुग्णालयाच्या दारात.’
हा समज सर्वांत पक्का, आणि तो का रुजला हे सहज कळते: रुग्णाला शेवटी तिथेच न्यायचे, मग गाडीही तिथेच असलेली बरी. पण गाडीला आधी रुग्णापर्यंत जावे लागते. हृदय बंद पडलेल्या माणसाचा जीव याच टप्प्यावर टांगलेला असतो. प्राणवायू थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हैसूरचे के. आर. रुग्णालय जुन्या शहराच्या गाभ्यात, बाजारपेठेलगत आहे. फोन मात्र रिंग रोडवरून, नंजनगुड रस्त्यावरून किंवा हेब्बाळच्या कारखान्यांतूनही येतो. गाभ्यातून निघालेली गाडी आधी गर्दीतून वाट काढणार, मग अंतर कापणार. म्हणून ती मागणीजवळ, एखाद्या मोठ्या चौकात किंवा पोलीस ठाण्यापाशी उभी ठेवणे शहाणपणाचे. ‘गाड्या मोजक्याच आहेत, ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचायचे, तर त्या कुठे ठेवाव्यात?’ हा प्रश्न चर्च आणि रेव्हेल या संशोधकांनी १९७४ मध्येच गणितात मांडला होता.

‘गाड्या दुप्पट करा, वेळ निम्मा होईल.’
इथे त्रैराशिक चालत नाही. कोलेसार आणि ब्लम यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलासाठी दाखवले की, सरासरी अंतर हे मोकळ्या गाड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे अंतर निम्मे करायचे तर मोकळ्या गाड्या चौपट हव्यात. गाड्या वाढवू नयेत असा याचा अर्थ नाही. पण नुसत्या संख्येच्या घोषणेवर समाधान मानू नये.

‘सायरन आणि वेग असला की अंतराचे काही नाही.’
अमेरिकेतील ग्रीनव्हिल येथील १९९५ च्या पाहणीत, सायरन वाजवत रुग्णालयाकडे निघालेल्या गाड्यांचा सरासरी ४३.५ सेकंदांचाच फायदा झाला. म्हैसूरची रहदारी निराळी, आकडा बदलेल. तरीही पाच किलोमीटर लांब उभी असलेली गाडी भोंग्याच्या जोरावर जवळ येत नाही. वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपये दंड आहे, आणि तो योग्यच आहे.

‘नकाशावर जवळ असलेली गाडीच आधी पोहोचते.’
डोळ्यांना दिसते ते अंतर. रस्ता कुठे अडतो ते दिसत नाही. मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गावर पलीकडच्या बाजूला उभी असलेली गाडी हाकेच्या अंतरावर असूनही निरुपयोगी ठरू शकते, कारण तिला वळण मिळेपर्यंत पुढे जावेच लागते. विजयादशमीला तर शहराचीच दोन शकले होतात. जंबू सवारी ही दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यातून निघून सयाजीराव रस्त्याने सुमारे पाच किलोमीटरवरील बन्नीमंटपाला जाते. के. आर. रुग्णालय याच मार्गालगत आहे. अशा दिवशी एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूच्या रुग्णासाठी जवळपास नसल्यातच जमा. मिरवणुकीच्या दोन्ही अंगांना गाड्या हव्यात, शिवाय प्रत्येक अंगाला गर्दीत न शिरता गाठता येणारे रुग्णालयही आधीच ठरलेले हवे. वर्षभर चालणारी मांडणी त्या दिवशी मोडलीच पाहिजे.

‘चौकात रिकामी उभी गाडी म्हणजे पैशांची नासाडी.’
कर्मचारी गाडीत बसून आहेत, इंजिन बंद आहे, हे पाहून करदात्याची चिडचिड होणे समजण्यासारखे आहे. पण जी गाडी निम्मा वेळ कामात असते, ती आपल्या भागातून येणाऱ्या साधारण निम्म्या फोनच्या वेळी जागेवरच नसते. मग दूरच्या ठाण्यावरून दुसरी निघते, तिचा भाग उघडा पडतो, आणि तिथून फोन आलाच तर तिसरी त्याहून लांबून येते. गाडी जागेवर नसण्याची ही शक्यता डॅस्किन या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडणीच्या गणितात आणली. त्यामुळे एक गाडी कामाला निघाली की उरलेल्यांपैकी एखादी मोकळ्या पडलेल्या भागाकडे सरकवतात, तीही रिकामीच.