तासाभरासाठी बंद दार

मोठ्या शहरात चार माणसांना निवांत बसून कामाचं बोलायचं असेल, तर कॅफेत गोंगाट असतो आणि हॉटेलची खोली महाग पडते. ज्युलियन स्मिथ आणि कॅटरिना रिझी यांनी 2012 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये 'ब्रीदर' ही कंपनी काढली ती याच अडचणीवर. ॲपवर जवळची खोली निवडायची, तासांचे पैसे भरायचे आणि फोनवर आलेल्या कोडने दार उघडायचं. आत टेबल, सोफा, वायफाय. शेजारी अनोळखी माणसं नसत. अनोळखी लोकांसोबत एकच कार्यालय वाटून घेण्याच्या कोवर्किंगपेक्षा ब्रीदर इथेच वेगळी होती. पुढे न्यूयॉर्क, लंडनपर्यंत तिच्या शेकडो जागा झाल्या.

कल्पना उत्तमच होती. गोम हिशेबात होती. ब्रीदर इमारतमालकांशी दीर्घ मुदतीचे भाडेकरार करी आणि तीच जागा ग्राहकाला तासावर देई. ग्राहक आला नाही तरी मालकाचं भाडं चुकत नसे. कोरोनाने खोल्या रिकाम्या केल्या तेव्हा हे ओझं पेलवेना. 2020 च्या अखेरीस कंपनीने जागा बंद करायला घेतल्या. 2021 मध्ये तिचं नाव आणि तंत्रज्ञान 'इंडस्ट्रियस' या कंपनीने विकत घेतलं. ठरावीक भाड्याऐवजी मालकाला उत्पन्नात वाटा देणं मला या धंद्यात अधिक शहाणपणाचं वाटतं. मंदीचा भार मग एकट्यावर पडत नाही.