हार आपलीच असली पाहिजे

१९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' आला, तेव्हा चेंडू चुकू देऊ नका आणि गुण वाढवा, एवढं सांगितलं की खेळ समजत असे. तिथपासूनच्या पाच दशकांत व्हिडिओ गेमचं रूप इतकं पालटलं की पडद्यावरच्या त्या दोन पांढऱ्या पट्ट्या आणि आजची मैलोनमैल पसरलेली आभासी जगं एकाच घराण्यातली आहेत हे पटणंही अवघड जातं. तरीही ठिपक्यांचे काही जुने खेळ आजही आवडीने खेळले जातात आणि प्रचंड खर्चाचे अनेक नवे खेळ काही आठवड्यांत विस्मरणात जातात. या काळाचा मागोवा घेताना मला त्यामागे एकच कारण वारंवार दिसतं. खेळाचा कस जिंकण्यात लागत नाही, हरण्यात लागतो. हरल्यावर 'इथे माझं चुकलं, पुढच्या वेळी जमेल' असं वाटलं की माणूस पुन्हा बसतो. हरल्यावर समोरच्याने रडीचा डाव खेळला असं वाटलं की मन उठतं. व्हिडिओ गेममध्ये समोरचा म्हणजे यंत्र, आणि यंत्राचे नियम ठरवणारी माणसं. त्यांनी हरण्याचा न्याय कसा सांभाळला आणि कधी विकला, यावर माझ्या मते खेळाचा आनंद ठरत आला आहे.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. त्यातले परग्रहवासी जसजसे मरतात तसतसे उरलेले अधिक वेगाने सरकू लागतात. मुळात ही यंत्राची मर्यादा होती, कारण हलवायची चित्रं कमी झाली की प्रोसेसरचं काम लवकर आटपत असे. निशिकादोंनी तो वेग तसाच राहू दिला आणि खेळाडूची नेमबाजीच त्याची परीक्षा कठीण करू लागली. दोन वर्षांनी तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' आला. त्यातल्या चार भुतांना चार स्वभाव आहेत. एक सरळ पाठलाग करतं, एक पुढे जाऊन वाट अडवू पाहतं, एक जवळ येताच माघार घेतं. या चाली नियमांनी इतक्या घट्ट बांधलेल्या होत्या की तेच वळण त्याच क्षणी घेतलं तर भुतंही तसंच वागत. म्हणून जिद्दी खेळाडूंनी वाटाच्या वाटा पाठ केल्या. सापडल्यावर कुठे चुकलो हे शोधता येत होतं आणि शोधलेलं उपयोगी पडत होतं. खेळ कठीण होता, पण दिलेल्या शब्दाला जागत होता.

हा शब्द मोडल्यावर काय होतं ते 'ई.टी.'ने दाखवलं. १९८२च्या नाताळापर्यंत दुकानांत पोचावा म्हणून स्पीलबर्गच्या चित्रपटावरचा हा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना सुमारे पाच आठवड्यांत पुरा करावा लागला. त्यात नायक सारखा खड्ड्यांत पडतो, आणि पाय जमिनीवर दिसत असतानाही पडतो, कारण त्याच्या चित्राचा कुठलाही भाग खड्ड्याला टेकला तरी यंत्र त्याला पडलेला धरतं. डोळ्यांना जे दिसतं आणि यंत्र जे मानतं त्यांत फट पडली की शिकण्यासारखं काही उरत नाही. न विकलेल्या आणि परत आलेल्या मालाबरोबर या खेळाच्या कॅसेटही न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या, आणि २०१४ साली उकरून वरही काढल्या गेल्या. अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार त्या सुमारास कोसळला. त्याची कारणं अनेक होती, पण घाईघाईने बनवलेल्या मालावरून ग्राहकाचा विश्वास उडणं हे त्यातलं ठळक कारण होतं.

तो विश्वास पुन्हा मिळवण्यात निन्टेन्डोचा वाटा मोठा होता. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा आरंभ पाहावा. पहिला शत्रू एकटा आणि सावकाश चालत येतो. उडी मारायला शिकवणारी एकही ओळ पडद्यावर नाही, पण न मारल्यास काय होतं ते लगेच कळतं. पहिला मश्रूम पाइपला आपटून माघारी येतो आणि बहुधा मारिओला गाठतोच, त्यामुळे तो हितकारक आहे हे सांगावं लागत नाही. पुढच्याच वर्षी जपानमध्ये आलेल्या दुसऱ्या भागात मात्र विषारी मश्रूम घातले गेले. पहिल्या भागाने लावलेल्या विश्वासालाच तिथे सापळा लावला होता. कंपनीच्या अमेरिकी शाखेला हा खेळ इतका जाचक वाटला की तिथल्या बाजारात त्या नावाखाली दुसराच खेळ आणला गेला. हात तेच, चित्रं जवळजवळ तीच, फरक होता तो शिकवण्याच्या आणि फसवण्याच्या हेतूत.

इथे पहिला आक्षेप येतो. जुना काळ इतका सात्त्विक नव्हता. पार्लरमधलं यंत्र नाणी गिळण्यासाठीच बनलेलं होतं, मग आजच्या कंपन्यांनाच का बोल लावायचा? आक्षेपात तथ्य आहे. १९८५च्या 'गॉन्टलेट'मध्ये खेळाडूची ताकद नुसत्या वेळेबरोबर झिजत असे आणि नाणं टाकून वाढवता येई. १९९०च्या 'डबल ड्रॅगन ३'मध्ये तर खेळातल्या दुकानात खरी नाणी टाकून शक्ती विकत घ्यायची सोय होती. लोभ तेव्हाही होता. पण त्या काळच्या चांगल्या खेळांत कौशल्य हे पैशाला उत्तर होतं. आपल्याकडच्या पार्लरांत कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा १९९३चा खेळ त्यातल्या एका पात्रामुळे सरसकट 'मुस्तफा' म्हणून ओळखला गेला. एका नाण्यात शेवटच्या बॉसपर्यंत जाणाऱ्या पोराभोवती घोळका जमायचा, कारण त्याने यंत्राला चीत केलेलं असायचं. ज्याचा हात चांगला त्याचा खर्च कमी, हे त्या व्यवहाराचं गणित होतं. मालकाला ते परवडो न परवडो, खेळाडूला शिकण्याचं फळ रोख मिळत होतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. खेळाडूला खरा न्याय हवाच असतो का, की न्यायाचा भास पुरतो? 'टेट्रिस' घ्या. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत बनवलेल्या या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत तुकडे केवळ यदृच्छेने पडत, आणि हवा असलेला लांब तुकडा कधीकधी येतच नसे. पुढच्या अधिकृत आवृत्त्यांत सातही प्रकारचे तुकडे एकेकदा येतील आणि मगच नवा क्रम सुरू होईल असा नियम आला. निव्वळ यदृच्छा गणिताने निर्दोष होती, पण खेळाडूच्या नियोजनाला अर्थ ठेवत नव्हती. 'फायर एम्ब्लेम' मालिकेने आणखी पुढची पायरी गाठली. २००२च्या भागापासून पडद्यावर नेम लागण्याची शक्यता ९० टक्के दाखवली जाई, पण आतल्या हिशेबात ती सुमारे ९८ टक्के असे, कारण यंत्र यदृच्छेने काढलेल्या दोन आकड्यांची सरासरी धरत असे. ९० टक्क्यांचा नेम दहांतून एकदा चुकणारच, हे बुद्धीला कळतं आणि मनाला अन्याय वाटतं. रचनाकारांनी मनाची बाजू घेतली. माझ्या मांडणीला हा खरा पेच आहे, कारण हे सरळ सरळ असत्य आहे आणि ते खेळाडूंना आवडतं. तरी मला या असत्याची दिशा महत्त्वाची वाटते. विचारपूर्वक आखलेला डाव केवळ दैवाने उधळू नये, यासाठी ते योजलं गेलं. त्यामागे कुठलाही गल्ला नव्हता. आकडा खोटा असला तरी खेळाडूच्या विचाराला फळ मिळण्याचं नातं त्याने जपलं, तोडलं नाही.

ते नातं पुढच्या दशकात तुटलं. २०१२ साली आलेल्या 'डायाब्लो ३'मध्ये राक्षस मारून मिळणारी शस्त्रं लिलावघरात खऱ्या पैशांनी विकत घेता येऊ लागली. मालिकेची सारी ओढच मुळात 'पुढच्या राक्षसाकडून काय मिळेल' या उत्सुकतेत होती. दुकानात त्याहून सरस वस्तू तयार असल्याने राक्षस मारणं ही मजुरी झाली. मार्च २०१४मध्ये खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने ते लिलावघर बंद केलं आणि त्यामुळे खेळाचा गाभा पोखरला जात असल्याचं मान्य केलं. आपल्याच पैशाची वाट बुजवणाऱ्या कंपनीची ही कबुली मला या सगळ्या काळातला सर्वात मोलाचा पुरावा वाटते. त्याच २०१२ साली 'कँडी क्रश सागा'ही आला. त्यात पाच लाइफ, गेलेली एकेक लाइफ परत यायला अर्धा तास, आणि चाली संपताच आणखी पाच चालींची विक्री. दुकान नेमकं हरण्याच्या क्षणी उघडतं. मग लेव्हल अवघड आहे ती माझा हात घडवण्यासाठी की माझा खिसा उघडण्यासाठी, हे खेळाडूला कधीच कळू शकत नाही, आणि हा संशय शिरला की जिंकण्याचीही चव जाते. नोव्हेंबर २०१७मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'चा उद्रेक त्या संशयातूनच झाला. डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट लागत होते, आणि खेळातली ताकद पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्समधून निघत होती. किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली गेली, तरी राग शमेना, तेव्हा प्रकाशनाच्या तोंडावर ही खरेदी थांबवावी लागली. एप्रिल २०१८मध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने काही गाजलेल्या खेळांतले लूट बॉक्स जुगारात मोडतात असा निर्णय दिला. पार्लरमध्ये कौशल्य पैशाची जागा घेत होतं. आता पैसा कौशल्याची जागा घेऊ लागला होता.

यावर आपल्याकडून येणारं उत्तर मी हलकं मानत नाही. कन्सोल आणि त्याचे खेळ बहुतेक भारतीय घरांना परवडणारे नाहीत; फुकट मोबाइल खेळ नसते तर गावोगावच्या कोट्यवधी मुलांना काहीच खेळायला मिळालं नसतं. हे खरं आहे. पण फुकटपणाला अन्याय चिकटलेलाच असतो, हे खरं नाही. 'पब्जी मोबाइल' सप्टेंबर २०२०मध्ये आपल्याकडे बंद झाला आणि २०२१ साली 'बीजीएमआय' या नावाने परतला. तो फुकटच आहे. त्याची कमाई मुख्यतः पोशाख आणि बंदुकांची रंगरूपं विकून होते. तिथेही नशिबाच्या पेट्या विकल्या जातात आणि त्यावरची टीका योग्यच आहे, पण महागड्या अंगरख्यातला खेळाडूही त्याच एका गोळीने पडतो. म्हणून तिथली हार मुलांना आपली वाटते आणि म्हणून ती सुधारण्यासाठी झटतात.

ज्यात हार नाहीच अशा खेळांचं काय, हेही विचारलं जाईल. एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवलेल्या 'स्टारड्यू व्हॅली'त शेती करायची असते. तिथे संपूर्ण पराभव जवळजवळ नसतोच. पण पेरलं ते उगवतं आणि हंगाम उलटला की पीक वाळतं. कृतीला फळ असण्याचा नियम तिथेही अबाधित आहे. हार हा त्या नियमाचा सर्वात कडक कस आहे, एकमेव नाही. न्याय म्हणजे काठिण्यही नव्हे. २०११चा 'डार्क सोल्स' निर्दयी आहे, तरी त्याचे बहुतेक मृत्यू खेळाडूला समजतात, आणि जिथे समजत नाहीत तिथे त्याचे चाहतेही कुरकुरतात. २०१८च्या 'सेलेस्ट'ने तर मदतीची सोय उघडपणे दिली: वेग कमी करा, हवं तर अभेद्य व्हा. या सवलतीला पैसे पडत नाहीत आणि ती लपवलेलीही नाही. किती कठीण खेळायचं हे खेळाडू स्वतः ठरवतो. काठिण्याच्या अभिमानापोटी अशा सवलतींना नाकं मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अपेक्षाभंगाचा आणखी एक प्रकार गेल्या दशकात गाजला, तो न पाळलेल्या आश्वासनांचा. २०१६चा 'नो मॅन्स स्काय' आणि डिसेंबर २०२०चा 'सायबरपंक २०७७' यांच्यावर खेळाडूंचा संताप कोसळला. दुसरा तर सोनीने काही महिने आपल्या दुकानातून काढून टाकला होता. पण दोन्ही खेळ वर्षानुवर्षांच्या अपडेटांनी सावरले, कारण त्यांचं अपुरेपण दुरुस्त करता येण्याजोगं होतं. हरण्यातूनच कमवायचं ठरवलेल्या खेळाला अशी दुरुस्ती नाही; तिथे दोष काढायचा तर धंदाच बदलावा लागतो. दुसऱ्या बाजूने पाहता, केवळ देखणेपणही पुरत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२०मधला 'राजी' आपल्या मातीतल्या चित्रशैली आणि वास्तू घेऊन जगापुढे गेला, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्याच्या चित्रांचं कौतुक झालं. तक्रारी होत्या त्या लढतींच्या हाताळणीबद्दल. हाताला मिळणारं उत्तर हा खेळाचा प्राण आहे, आणि आपल्या रचनाकारांनी पुढची मेहनत तिथे घालावी.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. घरंच्या घरं बुडवणाऱ्या त्या धंद्याला आळा बसणं आवश्यक होतं. पण ज्या खेळात पैसे फक्त जातात, परत येण्याची आशाही नसते, आणि तरीही हरण्याच्या वेदनेची किंमत वसूल होते, तो या कायद्याच्या मूळ रोखाबाहेरच राहतो. त्याची पारख पालकांनी, समीक्षकांनी आणि खेळाडूंनीच करायची आहे, आणि ती अवघड नाही. मूल किती तास खेळलं हे मोजण्याबरोबरच ते हरल्यावर खेळ त्याच्यापुढे काय ठेवतो ते पाहावं. पुन्हा प्रयत्न करायला लावत असेल, तर तो खेळ मुलाला काहीतरी देतो आहे. किमतीचा फलक पुढे करत असेल, तर त्या खेळाला मुलाच्या हातून होणारी सुधारणा नको आहे, आणि ज्याला खेळाडूची सुधारणा नको त्याला खेळ म्हणायला मी तयार नाही.