नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प (संक्षिप्त नाव : पोकरा) हा हवामान बदलास तोंड देऊ शकणाऱ्या शेतीसाठी महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राबविलेला प्रकल्प आहे. आंतरराष्ट्रीय निधीतून गावात कोणती कामे व्हावीत, याचा आराखडा ग्रामसभेपुढे मांडला जाणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. याउलट, ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन रावणगाव, हसनाळ आदी गावे पुराने वेढली गेली. अशा एकेका घटनेचे कारण केवळ हवामान बदल आहे, असे म्हणता येत नाही. मात्र हवा तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता वाढते आणि थोड्या वेळात पुष्कळ पाऊस पडण्याचा संभव वाढतो.

निधी आणि व्याप्ती

जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातील आठही जिल्हे, विदर्भातील सहा जिल्हे आणि जळगाव जिल्हा यांतील पाच हजारांहून अधिक गावे निवडण्यात आली. नांदेड व लातूर हे जिल्हे त्यांत होते.

लोकसहभाग

प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती स्थापन होते. शिवारफेरी व चर्चेतून पाण्याचा ताळेबंद मांडून सूक्ष्म नियोजन आराखडा तयार केला जातो. रुंद सरी-वरंबा पद्धतीची पेरणी, शेततळी, ठिबक व तुषार सिंचन, मृद व जलसंधारण ही त्यातील काही कामे होत. वैयक्तिक लाभाचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते.

मर्यादा

काम पूर्ण झाल्यावर अनुदान मिळत असल्याने आधीचा खर्च शेतकऱ्यास स्वतः करावा लागतो. हाती भांडवल नसलेल्या अल्पभूधारकास ते कठीण जाते. शिवाय हा निधी मुख्यतः कर्जरूप आहे. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक करारात देशांच्या ‘समान, परंतु भिन्न’ जबाबदाऱ्यांचे तत्त्व मान्य झाले आहे. तापमानवाढीत अत्यल्प वाटा असलेल्या कोरडवाहू प्रदेशाने तिच्याशी जुळवून घेण्याचा खर्च कर्ज काढून का करावा, हा प्रश्न त्या तत्त्वातूनच उभा राहतो. कोणती कामे घ्यावीत यावर ग्रामसभा मत देऊ शकते. खर्चाचा भार कोणी उचलावा, हे मात्र तिच्या कक्षेबाहेर ठरते.