जमीन गेल्यावर घर कशाने तगते?



पाऊस दगा देतो, हातातोंडाशी आलेले पीक जाते, कर्जाचा आकडा वाढत राहतो. हे संकट कसे असते ते तुम्हांला सांगायची गरज नाही. पण त्याचा घाव घरातल्या माणसांच्या मनावर कसा बसतो आणि त्यातून घर कसे सावरते, याबद्दल आपण फारसे बोलत नाही. ही गोष्ट ज्या कादंबरीत फार खरेपणाने आली आहे, तिची ओळख आज करून देतो. कादंबरी अमेरिकेतली आहे, पण तिच्यातली माणसे शेतकरीच आहेत.

'द ग्रेप्स ऑफ रॅथ' हे तिचे नाव. जॉन स्टाइनबेक यांची ही कादंबरी १९३९ साली निघाली. तिला १९४० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ साली लेखकाला साहित्याचे नोबेल मिळाले. लिहिण्यापूर्वी १९३६ साली स्टाइनबेक विस्थापित शेतमजुरांच्या वस्त्यांत हिंडले होते आणि त्यांनी वर्तमानपत्रात त्यांचे हाल मांडले होते.

धूळ, बँक आणि ट्रॅक्टर

पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला चांगला भाव होता. त्यामुळे अमेरिकेच्या मैदानी मुलखातली गवताळ जमीन मोठ्या प्रमाणावर नांगराखाली आली. माती धरून ठेवणारी गवताची मुळे गेली. पुढे १९३० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला आणि मोकळी झालेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी तर असे धुळीचे वादळ आले की दिवसाढवळ्या अंधार झाला. त्याच महिन्यात अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला.

ओक्लाहोमातले जोड कुटुंब याच काळातले. आजोबांनी जमीन वहितीला आणली. वाईट साल आले तेव्हा थोडे कर्ज काढले आणि पुढे जमीन बँकेची झाली. हे लोक तिथेच वाट्याने कसत राहिले. वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेऊन जमिनीचा कस गेला. मग मालकांनी हिशेब केला, की एक ट्रॅक्टर बारा-चौदा कुटुंबांचे काम करतो. कुळे उठवली गेली. दुसरा मुलगा टॉम तुरुंगातून सुटून येतो, तर घर ओसाड पडलेले आणि ट्रॅक्टरच्या धक्क्याने पायावरून सरकलेले.

कॅलिफोर्नियात फळे तोडायला माणसे हवीत, अशी छापील पत्रके गावोगाव फिरत असतात. त्या भरवशावर कुटुंब अवजारे, जनावरे, सामान मिळून अवघ्या अठरा डॉलरला विकते. मग एका जुन्या गाडीचा ट्रक करून तेरा माणसे निघतात. तिथे गेल्यावर कळते, की आठशे माणसे लागत असली तर पत्रके हजारोंनी छापायची आणि मजुरी पाडायची, असा हा डाव आहे.

घावांवर घाव

आजोबांचा पाय निघत नव्हता. त्यांना झोपेचे औषध पाजून गाडीत घातले होते. पहिल्याच मुक्कामी ते गेले. त्यांना रस्त्याच्या कडेला पुरले, कफन म्हणून वाटेत भेटलेल्या परक्या कुटुंबाची गोधडी वापरली.

आजी वाळवंट ओलांडताना रात्री गेली. आई प्रेताशेजारी पडून राहिली. नाक्यावर तपासनीसांनी गाडी अडवली तेव्हा 'म्हातारी फार आजारी आहे, थांबवू नका' एवढेच म्हणाली. गाडी पार झाली, सकाळी हिरवे खोरे दिसले, तेव्हाच तिने घरच्यांना खरे सांगितले. या आईचे नाव कादंबरीत कुठेच नाही. सगळे तिला 'मा' म्हणतात. सबंध घर तिच्यावर उभे आहे.

थोरला भाऊ नोआ नदीकाठाने निघून गेला, तो गेलाच. मुलीचा नवरा तिला गरोदर अवस्थेत टाकून कुणाला न सांगता पळाला. आणि जॉन काका! त्यांच्या तरुण बायकोच्या पोटात दुखू लागले तेव्हा साधे दुखणे समजून त्यांनी डॉक्टर आणला नाही आणि ती गेली. तो सल त्यांनी आयुष्यभर एकट्याने वागवला. कधी दारूत बुडवला, कधी मुलांना खाऊ वाटून हलका करू पाहिला, पण तो गेला नाही.

मा काय करते?

वाटेत सोबतची गाडी बिघडते. अर्ध्यांनी पुढे जावे, असे पुरुष ठरवतात. मा लोखंडी दांडा उचलून उभी राहते आणि घर फुटू देत नाही. उपाशी पोरे भांड्याभोवती जमली, तर आपले पुरत नसतानाही त्यांच्यापुढे उरलेसुरले ठेवते. नवरा खचून गप्प बसला, की त्याला मुद्दाम डिवचते. तिचे म्हणणे असे, की माणूस आतल्या आत कुढत राहिला तर मरतो, रागावला तर उठून उभा राहतो.

कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात पीक धुळीने गेल्यावर बायका बोलत नाहीत, फक्त आपापल्या पुरुषांचे चेहरे न्याहाळतात. पीक गेले तरी चालेल, माणूस मोडता कामा नये, हे त्यांना ठाऊक असते.

शेवटी पूर येतो. मुलीला मेलेले मूल होते. एका कोठारात आसरा घेतल्यावर तिथे एक परका माणूस भुकेने मरणाला टेकलेला दिसतो. मा मुलीकडे पाहते, मुलगी मुकाट्याने उठते आणि आपले दूध त्याला पाजून जगवते. तोवर घरातले बरेच जण गेलेले असतात, पण घर या शब्दाचा अर्थ मोठा झालेला असतो.

आपल्यासाठी

या पुस्तकातून मला एक गोष्ट घ्यावीशी वाटते. संकट सगळ्यांवर सारखेच येते, पण जो ते एकटा पोटात ठेवतो तो आधी मोडतो. आपल्याकडे कर्जाचा खरा आकडा पुष्कळदा घरधन्यालाच ठाऊक असतो. बायकोला अर्धा, आईबापांना काहीच नाही. बंधूंनो, सोसायटीचे किती, बँकेचे किती, सावकाराचे किती, हे एका कागदावर मांडा आणि घरात सगळ्यांसमोर वाचा. आकडा कमी होणार नाही, पण ओझे वाहायला चार खांदे मिळतील.

भगिनींनो, घरातला माणूस जेवणावरून उठू लागला, रात्र-रात्र जागू लागला, बोलेनासा झाला, तर 'होईल नीट' म्हणून सोडू नका. त्याला बोलते करा. शेजाऱ्याला, मेहुण्याला, ज्याचे तो ऐकतो त्याला बोलवा. कोणी मरणाची भाषा केली तर ती मनावर घ्या आणि त्याला एकटे ठेवू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे रात्री-अपरात्रीही फोन करता येतो आणि पैसे पडत नाहीत. शेजारच्या घरावर प्रसंग आला तर एक गोधडी घेऊन जा. जोडांच्या आजोबांना मातीआड करताना तीच कामी आली होती.