सभागृहातील उत्तर आणि बांधावरील नोंद

लोकसभेचे किंवा विधानसभेचे अधिवेशन सुरू झाले म्हणजे वर्तमानपत्रांतून करांचे, पिकांचे व अनुदानांचे आकडे प्रसिद्ध होऊ लागतात. अमुक मंत्र्यांनी तारांकित प्रश्नास उत्तर दिले, अमुक खात्याने लेखी माहिती सादर केली, असे त्या वृत्तांचे स्वरूप असते. या आकड्यांशी आपला काय संबंध, असे अनेक शेतकरी बंधूंना वाटते. वस्तुतः यांतील कित्येक आकड्यांचा उगम गावच्या शिवारातच होत असतो, आणि त्यांच्याच आधारे ठरलेले धोरण पुन्हा त्याच शिवारात येऊन पोहोचते. म्हणून ही उत्तरे कशी तयार होतात, ती कशी वाचावीत आणि ती खरी ठरावीत यासाठी गावपातळीवर काय करावे लागते, याची माहिती प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

प्रश्न विचारण्याचा अधिकार

शासनाकडून हिशेब मागण्याचा हा अधिकार आपल्या देशात क्रमाक्रमाने मिळालेला आहे. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची व मर्यादित स्वरूपात प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. १९०९ च्या सुधारणांनी प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारण्याचा हक्क दिला. या अधिकाराचा उपयोग कसा करावा याचा उत्तम पाठ नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी घालून दिला. १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवले. तिजोरीत शिल्लक दिसते ती रयत सुखी असल्यामुळे दिसते असे नव्हे, तर कर गरजेपेक्षा जड असल्यामुळे दिसते, हे त्यांनी त्याच आकड्यांवरून मांडले. मिठावरील कर त्यावेळी मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. गोखले व त्यांचे सहकारी यांनी सातत्याने केलेल्या साधार टीकेचा यात वाटा होता. आकडा नीट वाचला तर तो दुर्बलाच्या हातातील साधन होऊ शकतो, हा यातील बोध होय.

उत्तर कसे तयार होते

आज लोकसभेत साधारणतः कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेला असतो. प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन. तारांकित प्रश्नास मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते व त्यावर उपप्रश्न नसतो. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्नांपर्यंत मर्यादा आहे. महाराष्ट्र विधिमंडळातही तारांकित, अतारांकित व अल्पसूचना प्रश्नांची पद्धत आहे.

प्रश्नाची सूचना स्वीकृत झाली म्हणजे ती संबंधित खात्याकडे जाते. समजा, एखाद्या आमदाराने आपल्या तालुक्यातील खरीप पिकांच्या नुकसानीविषयी प्रश्न विचारला. मंत्रालयातील विभाग ती माहिती पुण्याच्या कृषी आयुक्तालयाकडे किंवा विभागीय आयुक्तांकडे मागवितो. तेथून पत्र जिल्ह्यास, जिल्ह्यातून तालुक्यास आणि तालुक्यातून मंडळास येते. शेवटी ते पत्र ज्या कागदापाशी येऊन थांबते, तो कागद म्हणजे गावचा नमुना होय. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्कांची नोंद असते आणि गाव नमुना बारामध्ये पिकांची. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो हाच. या वाटेने माहिती वर जाताना गावांची बेरीज मंडळात होते, मंडळांची तालुक्यात आणि तालुक्यांची जिल्ह्यात. वरच्या कोणत्याही पायरीवर बसलेला अधिकारी प्रत्यक्ष शेतात उभा नसतो. खालून आलेला आकडा चूक असेल तर तो दुरुस्त करण्याचे साधन त्याच्यापाशी क्वचितच असते.

माहिती वेळेत मिळाली नाही तर 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' असे उत्तर दिले जाते. हे उत्तर म्हणजे सुटका नव्हे. ते शासनाचे आश्वासन समजले जाते. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे. आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी, असा संकेत आहे. दिलेली माहिती चुकीची असल्याचे आढळल्यास मंत्र्यांना निवेदन करून ती दुरुस्त करावी लागते.

करांविषयीचा प्रश्न कोणाला विचारावा

शेतीवरील करांसंबंधीच्या प्रश्नास दिल्लीतून पुष्कळदा 'हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे' असे उत्तर येते. हे उत्तर टाळाटाळीचे वाटले तरी त्यास घटनेचा आधार आहे. जमीन महसूल व शेतीच्या उत्पन्नावरील कर हे दोन्ही विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत. केंद्राच्या सूचीत शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर आहे. त्यामुळेच १९६१ च्या आयकर कायद्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त होते आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. येथे दोन गोष्टी शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन यांचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न ठरत नाही. दुसरी, ज्याला शेतीबरोबर इतर करपात्र उत्पन्नही आहे, त्याच्या इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्न काही मर्यादेपलीकडे हिशेबात धरले जाते. ही पद्धत डॉ. के. एन. राज समितीच्या शिफारशींनंतर १९७३ पासून आली.

शेतकरी आयकर भरत नाही म्हणून तो कर भरतच नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. खतांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ट्रॅक्टरवरील हा कर १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. हे दर एकटे केंद्र सरकार किंवा एकटे राज्य सरकार ठरवीत नाही. केंद्र व राज्ये यांच्या संयुक्त परिषदेच्या शिफारशींवरून ते ठरतात. म्हणून आपल्या प्रतिनिधीकडे गाऱ्हाणे मांडताना ते कोणत्या सभागृहात व कोणत्या खात्याकडे मांडावयाचे, याचा आधी विचार करावा. चुकीच्या दारावर विचारलेला योग्य प्रश्नही वाया जातो.

एका किलोची किंमत

पूर्वी पीक किती आले हे नजर अंदाजाने ठरत असे. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, निम्मे पीक म्हणजे आठ आणे, असा तो हिशेब होता. आणेवारी हा शब्द त्यातूनच आला. परंतु दोन माणसांची नजर सारखी नसते. या अडचणीवर शास्त्रीय उपाय शोधणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रगण्य होत. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, शेत निवडून त्यातील ठराविक मापाच्या तुकड्यातील पीक कापून वजन करण्याची पद्धत आपल्या देशात रुजविली. हाच पीक कापणी प्रयोग होय. महाराष्ट्रात महसूल, कृषी व ग्रामविकास या तिन्ही खात्यांचे कर्मचारी हे प्रयोग करतात.

या प्रयोगात अचूकतेला किती महत्त्व आहे, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कापणीचा तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटरचा आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा तुकड्यातील वजनास २०० ने गुणले म्हणजे हेक्टरी उत्पन्न निघते. तुकड्यातील धान्य ४ किलो भरले तर हेक्टरी ८ क्विंटल झाले. आता काट्याच्या दोषामुळे किंवा दाणा पुरता वाळविण्यापूर्वीच तोलल्यामुळे तेच वजन प्रत्येक प्रयोगात अर्धा किलो जास्त लागले, तर मंडळाचे उत्पन्न हेक्टरी ९ क्विंटल दिसेल.

पीक विम्यात याचा परिणाम काय होतो ते पाहू. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा क्षेत्राचे प्रत्यक्ष सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा जितके कमी भरेल, त्या प्रमाणात भरपाई ठरते. उंबरठा उत्पन्न १० क्विंटल व विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे असे धरू. खरे उत्पन्न ८ क्विंटल असेल तर तूट वीस टक्के, म्हणजे भरपाई १०,००० रुपये. नोंद ९ क्विंटलची झाली तर तूट दहा टक्के व भरपाई ५,००० रुपये. अर्ध्या किलोच्या चुकीने मंडळातील प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी पाच हजार रुपये गेले. पुढे कोणा आमदाराने सभागृहात विचारले, तर नऊ क्विंटल हेच उत्तर येईल आणि कागदोपत्री ते बरोबरही असेल. उलट मुद्दाम वजन कमी दाखविणेही हिताचे नाही. आज कमी लिहिलेले उत्पन्न पुढील वर्षांच्या सरासरीत शिरते, उंबरठा उत्पन्न खाली ओढते आणि उद्याची भरपाई घटविते.

उत्तरातील आकडे कसे वाचावेत

सभागृहातील उत्तर वाचताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. आकडा कोणत्या वर्षाचा आहे? कृषी गणना १९७०-७१ पासून साधारणतः पाच वर्षांनी होते. प्रश्न या वर्षीचा असला तरी उत्तरातील आकडा मागील गणनेचा असू शकतो.

२. आकडा अंदाजाचा आहे की अंतिम? पीक उत्पादनाचे अग्रिम अंदाज हंगाम चालू असतानाच निघतात व नंतर ते बदलतात. दोन उत्तरांतील फरकाचे कारण पुष्कळदा हेच असते.

३. सरासरीच्या पोटात काय आहे? १९७०-७१ मध्ये देशातील सरासरी वहितीधारणा २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.०८ हेक्टर झाली. परंतु त्याच गणनेनुसार सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतील आहेत. सरासरीवरून एखाद्या खातेदाराची स्थिती कळत नाही.

४. परिमाण कोणते? धान्य टनांत मोजतात, कापूस गाठींत. एक गाठ म्हणजे १७० किलो रुई, सरकीसह कापूस नव्हे.

५. रुपये चालू भावांचे आहेत की स्थिर भावांचे? चालू भावांनी उत्पन्न वाढलेले दिसले तरी ती वाढ केवळ महागाईची असू शकते.

गावपातळीवरील कर्तव्य

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करता येते. हा मोठा अधिकार आहे, आणि तितकीच मोठी जबाबदारीही. पेरलेले पीक, त्याचे क्षेत्र व मिश्रपीक असल्यास त्यांचे प्रमाण मुदतीत व खरेपणाने नोंदवावे. ज्यांच्याजवळ मोबाइल नाही किंवा ज्यांना तो वापरणे जमत नाही, अशा वृद्ध व एकट्या खातेदारांना ग्रामकार्यकर्त्यांनी साहाय्य करावे. पीक कापणी प्रयोगाचा दिवस गावात आधी जाहीर करावा. प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्यांनी हजर राहून माप, वजन व नोंद स्वतः पाहावी, आणि शंका असल्यास तेथेच सांगावी.

प्रतिनिधीकडे प्रश्न द्यावयाचा असेल तर तो नेमका असावा. 'शेतकऱ्यांची दैना झाली आहे हे खरे आहे काय?' या प्रश्नास 'अंशतः खरे आहे' एवढे उत्तर पुरते. 'अमुक महसूल मंडळात या खरिपात सोयाबीनचे किती पीक कापणी प्रयोग नियोजित होते, त्यांपैकी किती झाले व सरासरी उत्पन्न किती भरले?' या प्रश्नास मात्र आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते. शासनाची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असतात. गावच्या वाचनालयात किंवा ग्रामसभेत त्यांतील आपल्याशी संबंधित उत्तरे वाचून दाखविली, आणि त्यांतील आकडे गावच्या नोंदींशी ताडून पाहिले, तर चूक कोठे झाली हे गावालाच प्रथम कळेल. तशी चूक आढळल्यास ती तहसील कार्यालयास किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांस लेखी कळवावी व पत्राची पोच घ्यावी. पुढील हंगामाची नोंद मुदतीत पुरी करण्याचे काम मात्र आजच हाती घ्यावे.