ट्रकचे इंजिन आणि घरचा दिवा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी तालुका हा मुळा नदीच्या पाण्यावर वाढलेला उसाचा मुलूख. बारागाव नांदूरचे मुळा धरण आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांमुळे त्याचे नाव राज्यभर परिचित आहे. येथील अनेक शेतकरी कुटुंबे गावठाणापासून दूर, आपापल्या मळ्यांत वस्ती करून राहतात. विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी उपसणारे डिझेल इंजिन त्यांच्या चांगलेच ओळखीचे. म्हणूनच वीज खंडित झाली की, मोडीत निघालेल्या ट्रकचे इंजिन जनित्राला जोडून घरापुरती वीज मिळवता येईल काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे.

तत्त्वतः हे शक्य आहे. घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला १५०० फेरे फिरले, तरच ही आवर्तने मिळतात. रस्त्यावर ट्रकचा वेग चालकाचा पाय सांभाळतो. जनित्राच्या बाबतीत हे काम गव्हर्नरने करावयाचे असते. भार कमी-अधिक होताच त्याने इंधनाचा पुरवठा तत्काळ बदलला नाही, तर पंखे, शीतकपाट व दूरचित्रवाणी संच यांना इजा पोहोचते.

खरी अडचण हिशेबाची आहे. शंभर अश्वशक्तीचे इंजिन सुमारे ७५ किलोवॉट शक्ती देते. पाच दिवे, दोन पंखे, शीतकपाट व दूरचित्रवाणी मिळून भार भरतो जेमतेम अर्धा किलोवॉट. एवढे मोठे इंजिन १५०० फेऱ्यांवर नुसते फिरते ठेवण्यासाठीच तासाला दोन-तीन लिटर डिझेल लागते. म्हणजे एका युनिटामागे चार ते सहा लिटर! योग्य भारावर चालणारे लहान जनित्र एका लिटरमध्ये सुमारे तीन युनिटे देते. शिवाय, अत्यल्प भारावर मोठे इंजिन पुरेसे तापत नाही. न जळलेले इंधन व काजळी आत साचून त्याचे आयुष्य घटते.

याहून गंभीर प्रश्न जीविताचा आहे. जनित्राची वीज घराच्या तारांतून वाहिनीत गेली, तर गावचे रोहित्र उलट काम करते आणि २३० व्होल्टचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत चढवते. वाहिनी बंद आहे, या विश्वासाने खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात बळी जाऊ शकतो. घरची जोडणी एका वेळी एकाच बाजूला ठेवणारा चेंजओव्हर स्विच आणि योग्य भूजोडणी म्हणूनच अनिवार्य होय. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू असतो. त्यामुळे बंद खोलीत किंवा खिडकीलगत इंजिन कधीही चालवू नये.

मग या इंजिनाचा उपयोग कोठे? दूध शीतकरण किंवा कुक्कुटपालन अशा, भार मोठा व सलग असलेल्या ठिकाणी त्याचा विचार होऊ शकतो. घरी ट्रॅक्टर असल्यास त्यावर चालणारे जनित्र अधिक सोयीचे. एका घराच्या दिव्यापंख्यांना मात्र बॅटरीवरील इन्व्हर्टर पुरतो. त्याला छतावरील सौर पट्ट्यांची जोड दिली की इंधनाचा खर्चही उरत नाही. यंत्र हाताशी आहे म्हणून ते वापरावे, यापेक्षा गरज मोजून यंत्र निवडावे, यातच कुटुंबाचे हित आहे.