परळचा गव्हर्नरचा बंगला : आधी चर्च, मग राजवाडा, आता प्रयोगशाळा

आपल्या निलंगा भागातली मंडळी पेशंट घेऊन मुंबईला गेली, की केईएम नाहीतर टाटाला जातात. तिथून जवळच आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. तिची मुख्य इमारत एकदा नीट बघा.

मुळात हे पोर्तुगीज काळातलं चर्च. १७१९ च्या सुमारास इंग्रजांनी ते ताब्यात घेतलं आणि गव्हर्नरसाठी गावाबाहेरचा बंगला केला. तेव्हा परळ म्हणजे झाडी आणि मोकळी हवा! प्रार्थनेची जागा मेजवानीचा हॉल झाली, तर वरच्या मजल्यावर नाचाचा दिवाणखाना आला. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत (१८१९-२७) दोन्ही बाजूंना नवे भाग जोडले गेले.

पुढे आसपास गिरण्या उभ्या राहिल्या, वस्ती दाटली. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी इथेच कॉलऱ्याने गेली, आणि गव्हर्नरांनी मलबार हिलचा रस्ता धरला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यावरची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये याच वास्तूत आली. १९२५ पासून संस्थेला त्यांचं नाव आहे.

जुनी वास्तू टिकते ती वापरात राहिली म्हणूनच. आपल्याकडच्या पडक्या वाड्यांबाबतही हा विचार करायला काय हरकत आहे?